साच्यातली झीज

माणसाचे वय लपत नाही, असे म्हणतात. अक्षराचे लपते, आणि हवे तेव्हा वाढवूनही घेता येते. गेली काही वर्षे मी हा प्रकार कुतूहलाने पाहत आलो आहे. गेल्या महिन्यात उघडलेल्या उपाहारगृहाची पाटी पाहावी, तर तिच्यावरची अक्षरे शंभर पावसाळे अंगावर घेतल्यासारखी. लोणच्याच्या बरणीवरचे नाव पणजीच्या काळात छापल्यासारखे. लग्नपत्रिका उघडावी, तर ती एखाद्या संस्थानच्या दप्तरखान्यातून वाळवीच्या तावडीतून सुटून आली आहे असे वाटावे. कडा कुरतडलेल्या, पोटात पांढरे ठिपके, एखादा काना मध्येच तुटलेला. पाटी नवी, रंग नवा, मालक नवा. म्हातारे आहे ते फक्त अक्षर.

यात रागावण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. रागावण्यासारखे काहीच नाही. उलट मला ही अक्षरे आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याकडे पाहिले की घाई कमी होते, आवाज जरा खाली येतो. पण आवडती गोष्ट तपासून पाहू नये, असा काही नियम नाही. आणि या अक्षरांकडे पाहताना एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. जे आयुष्य आपण जगलो नाही, त्याच्या सुरकुत्या अंगावर मिरवणे योग्य आहे का? प्रश्न अर्थात अक्षरांपुरता नाही. माणसे, घराणी, संस्था, राष्ट्रे सगळ्यांनाच तो लागू पडेल. पण अक्षरांच्या बाबतीत तो स्वच्छपणे विचारता येतो. कारण छापील अक्षर कसे जन्मते, कसे झिजते आणि कसे संपते, याची हकीगत आपल्याला नेमकी ठाऊक आहे.

शिशाच्या खिळ्यांचे राज्य होते तेव्हा अक्षराचा जन्म असा होई. कारागीर पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर उलटे अक्षर कोरी. ते पोलाद तांब्याच्या तुकड्यावर ठोकले की तांब्यात अक्षराची खोलगट प्रतिमा उमटे. हा साचा. साच्यावर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की एक खिळा तयार होई. असे शेकडो, हजारो खिळे एका साच्यातून निघत. खिळा तसा मऊच. हजारो वेळा कागदावर दाबला गेला की त्याच्या कडा बोथट होत. जुळाऱ्याच्या हातून फरशीवर पडला की नाकाला ठेच लागे. मग एक दिवस छापखान्याचा मालक अशा जखमी खिळ्यांची रास वितळवायला पाठवी, आणि त्याच साच्यातून, त्याच आकाराचे, कोऱ्या धारेचे नवे खिळे आणवी. झीज होई ती खिळ्याची. साचा ती पुढे जाऊ देत नसे. बापाच्या हातावरचा भाजल्याचा डाग मुलाच्या हातावर येत नाही, तसेच हे.

ही साधी व्यवस्था एका कारखान्याने उलटी करून दाखवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत, शिकागो शहरी, बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर नावाचा टाइप ओतणारा मोठा कारखाना होता. बर्न नॅडल याने आखलेले एक नवे अक्षरवळण त्यांनी बाजारात आणले. ग्रंथाचा मजकूर जुळवण्यासाठी ते नव्हतेच. मथळे, जाहिराती, शोभेची पाने यांसाठी होते. त्याचा विशेष एकच: ते जन्मतःच झिजलेले होते. वेडीवाकडी कड, टवके उडालेले टोक, शाई पसरल्यासारखी जाडी, हे सारे काळजीपूर्वक आखून साच्यातच बसवलेले. त्या साच्यातून निघणारा प्रत्येक खिळा चकचकीत नवा आणि प्रत्येक खिळा म्हातारा. शिवाय प्रत्येकाची जखम अगदी एकाच जागी. खऱ्या झिजलेल्या टाइपात दोन 'ए' कधी सारखे झिजत नाहीत; एक पडलेला असतो, एक दाबला गेलेला असतो, एक नुकताच खणातून बाहेर आलेला असतो. इथे पहिल्या 'ए'ला जिथे खोक, तिथेच शंभराव्याला. अपघात साच्यातून ओतता येत नाही. ओतला की तो अपघात राहत नाही, नक्षी होतो.

या अक्षराचे बारसे त्याहून गमतीचे. कारखान्याने त्याचे नाव ठेवले 'फिफ्टीन्थ सेंच्युरी', म्हणजे पंधरावे शतक. युरोपात ते गुटेनबर्गचे शतक, छपाईच्या जन्माचे; तेव्हा नाव भारदस्त खरे. पण पंधराव्या शतकाला विसाव्या शतकात फारसे गिऱ्हाईक मिळाले नसावे. पुढे पंचवीस-तीस वर्षांच्या आत त्याच वळणाचे नाव बदलून 'कॅस्लन अँटीक' करण्यात आले. विल्यम कॅस्लन हा अठराव्या शतकातला लंडनचा टाइपकार. आधी बंदुकांवर नक्षी कोरण्याचे काम शिकलेला हा माणूस अक्षरांकडे वळला. १७३४ साली त्याने आपल्या अक्षरांचा नमुन्याचा तक्ता छापला आणि त्याचे टाइप इंग्लंडात आणि अमेरिकेतल्या वसाहतींत पसरले. मुद्रक म्हणून आयुष्य सुरू केलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचीही त्यावर मर्जी होती. नॅडलच्या अक्षराचे या घराण्याशी काही नाते नाही. फक्त नाव चांगले चालणारे होते, एवढेच. अशा रीतीने एक अक्षर एका बारशात तीनशे वर्षांनी तरुण झाले आणि तरीही पूर्वीइतकेच म्हातारे राहिले!

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट वाटेल. पण मला तिच्यात या सगळ्या प्रकाराचे मर्म दिसते. हे अक्षर पंधराव्या शतकाचे म्हणून चालते, अठराव्याचे म्हणूनही चालते. अमेरिकेत क्रांतियुद्धाच्या काळाचे वातावरण हवे असले की ते वापरतात. १९८५ साली व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचे 'ले मिझेराब्ल' हे संगीत नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याचे नाव जाहिरातींवर झळकले तेही याच वळणात. म्हणजे आता ते १८१५ ते १८३२ च्या फ्रान्सचे झाले. धातूचा जमाना गेला, अक्षर संगणकात आले, आणि आज ते कोणालाही कोणत्याही जुन्या काळासाठी मिळते. त्याला वय आहे, पण जन्मसाल नाही. खरी जुनी वस्तू नेहमी कुठल्यातरी एका वर्षाची, एका गावची, एका हातची असते. हे अक्षर नुसतेच जुने आहे.

मग हे खोटे बोलणे झाले का? सरळ उत्तर द्यायचे तर नाही. उपाहारगृहाच्या पाटीवर 'आम्ही शंभर वर्षे जुने आहोत' असे कुठेही लिहिलेले नसते. लिहिलेले असते फक्त नाव आणि 'येथे चहा मिळेल'. नाव खरे असते, चहाही मिळतो. कोणत्याही न्यायालयात या पाटीवर फिर्याद टिकणार नाही. पण आपल्याकडच्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगून ठेवल्या आहेत, त्यांतली तिसरी व्यंजना. शब्द जे उच्चारतो त्यापलीकडे तो जे सुचवतो, तेही त्याच्याच पदरी पडते. पाटीची अभिधा 'चहा' म्हणते. तिची व्यंजना म्हणते, 'तुमचे आजोबा इथेच बसत'. आता व्यंजनेने खोटे बोलता येते की नाही, हे महाभारताला माहीत होते. धर्मराजाने द्रोणाचार्यांना सांगितलेल्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हत्ती हा शब्द त्याने फक्त हळू उच्चारला. तेवढ्यासाठी, आजवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आवाजाच्या चढउताराने सत्यभंग होतो, असे ज्या कथेने मानले ती साधी कथा नव्हे. आणि छापील पानावर आवाज म्हणजे तरी काय? अक्षराचे वळणच.

तरी मी या अक्षरांना सरसकट अपराधी ठरवणार नाही. नाटकात तरुण नट पांढरी दाढी चिकटवून भीष्म होतो, तेव्हा तो कोणाला फसवीत नाही. पडदा पडल्यावर दाढी निघणार, हे त्यालाही ठाऊक आणि तिकीट काढून बसलेल्या आपल्यालाही. नाटकाच्या जाहिरातीवरचे झिजलेले अक्षर हे त्या दाढीचेच भावंड. लहान मुलांच्या अद्भुत गोष्टींचे पुस्तक, जत्रेतली कमान, होळीचे आमंत्रण, इथे अक्षराने खुशाल सोंग घ्यावे. सोंगात दोन्ही बाजूंची संमती असते. लबाडी सुरू होते ती एक बाजू खेळत असते आणि दुसरी विश्वास ठेवीत असते तेव्हा.

ही सीमारेषा किती पुसट आहे, याचा एक दाखला इंग्लंडातला आहे. एकोणिसाव्या शतकात कॅस्लनचे मूळ अक्षर तिथे मागे पडले होते. १८४४ साली लंडनच्या चिझिक प्रेसने ते पुन्हा खणातून काढून एक पुस्तक छापले: सतराव्या शतकातल्या कोणा लेडी विलोबीची रोजनिशी. कागद, मांडणी, वर्णलेखन, सगळे जुन्या धाटणीचे. कित्येक वाचकांनी ती रोजनिशी अस्सल मानली. प्रत्यक्षात ती हॅना मेरी रॅथबोन या लेखिकेची कल्पित कृती होती. पुढच्या एका आवृत्तीत तसा खुलासा करावा लागला. आणि गंमत अशी की ज्या अक्षराने वाचकांना सतरावे शतक दाखवले, ते अक्षर अठराव्या शतकातले होते! वाचकांना सतरावे शतक नकोच होते. त्यांना 'जुने' हवे होते, आणि ते मिळाले. आता ही कलाकृती की फसवणूक? मी म्हणेन, खुलाशाच्या क्षणापर्यंत दोन्ही. अक्षराच्या सोंगाला एका वाक्याची जोड हवी असते: 'हे सोंग आहे'. ते वाक्य जिथे उच्चारता येते तिथे सोंग निरुपद्रवी आहे. जिथे ते उच्चारताच सगळा डाव मोडेल, तिथे ते निरुपद्रवी नाही.

या कसोटीवर सर्वांत अवघड ठरते ते इतिहासाच्या प्रदर्शनातले फलक. काचेखाली खरा कागद ठेवलेला असतो आणि शेजारी त्याची माहिती सांगणारा फलक, तोही कुरतडलेल्या अक्षरात. हेतू चांगला असतो. वातावरण जमावे, एवढाच. पण काचेखालचा कागद ही त्या काळाची साक्ष आहे, आणि फलक ही आजच्या अभ्यासकाची. साल बरोबर आहे का, नाव नीट वाचले आहे का, याबद्दल त्या अभ्यासकाला जाब विचारता आला पाहिजे. साक्षीदाराचा पोशाख करून वकील उभा राहिला, तर उलटतपासणी कोणाची करायची? आजच्या माणसाने आजच्या तोंडाने बोलावे, यात केवळ शिस्त नाही, जबाबदारी आहे.

इथवर मी फसवणुकीची गोष्ट केली. पण याहून मोठी हानी मला निराळीच वाटते. ती गिऱ्हाइकाची नाही, पूर्वजांची आहे.

४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅप या मुद्रकाच्या छापखान्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला गेला. अक्षर कॅस्लनचे, खरेखुरे. प्रती सुमारे दोनशे. त्यांतल्या पंचवीस-सव्वीस आज ज्ञात आहेत. काही प्रतींवर अशा खुणा आहेत की शाई वाळायच्या आधीच कागद दुमडले गेले असावेत. एवढी घाई होती. तो कागद त्या रात्री जुना नव्हता. अतिशय नवा होता, ओला होता, आणि ज्यांची नावे त्याच्याशी जोडली गेली त्यांच्या गळ्याला फास आणू शकेल इतका धोक्याचा होता. आज त्याच काळाचा भास निर्माण करायचा म्हणजे आपण काय करतो? कागद तपकिरी करतो, कडा जाळतो, अक्षरे झिजवतो. म्हणजे त्या क्षणी त्यात जे काहीही नव्हते नेमके तेच त्यात घालतो, आणि जे होते, तो ओलेपणा, ती धार, ते काढून घेतो. झिजलेल्या अक्षरातले वाक्य आपल्याला आज्ञा करू शकत नाही. ते भिंतीवर शोभते. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून हार घालायचा आणि त्याच्या म्हणण्याकडे लक्ष द्यायचे नाही, असा हा आदर आहे.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. एका गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघायची होती आणि सल्ल्यासाठी मलाही बोलावले होते. वाचनालयाच्या संस्थापकांनी पहिल्या वर्षी काढलेले एक छापील निवेदन सापडले होते. ते पहिल्या पानावर घ्यायचे ठरले. दोन नमुने तयार होऊन आले. एक तपकिरी रंगाच्या पार्श्वभूमीवर, कुरतडलेल्या अक्षरात. दुसरा साध्या पांढऱ्या कागदावर, नेहमीच्या पुस्तकी अक्षरात. मजकूर दोन्हींचा एकच. पहिला नमुना हातोहात फिरला. प्रत्येक जण 'वा, काय जमून आलेय!' म्हणाला आणि पुढे देता झाला. दुसरा टेबलावर पडून होता. समितीतले एक वयस्क गृहस्थ, करायला काही नव्हते म्हणून, तो वाचू लागले. मधेच थांबून त्यांनी विचारले, ''यात तर म्हटलंय की गावातल्या कोणालाही, जात न पाहता, अनामत न घेता पुस्तक द्यावं. मग आपण अनामत कधीपासून घेतो हो?'' पुढचा अर्धा तास सभा अनामतीवर चालली. कोणी म्हणाले, पुस्तके परत येत नाहीत. कोणी म्हणाले, ज्यांना अनामत परवडत नाही ते येतच नाहीत, मग परत न येण्याचा प्रश्न कुठला? निर्णय काही झाला नाही. स्मरणिकेत तपकिरी पान छापले गेले, आणि ते दिसायला खरोखरच सुंदर होते. पण त्या अर्ध्या तासापुरते संस्थापक सभेत हजर होते, असे मला वाटले. आणि त्यांना हजर केले ते साध्या अक्षराने.

आपल्या महाराष्ट्रात हा मोह विशेष आहे, कारण आपल्याला इतिहासाचे प्रेम विशेष आहे. ऐतिहासिक चित्रपटाची नावे, मिरवणुकीचे फलक, गडावरच्या कार्यक्रमांच्या जाहिराती पाहाव्यात. देवनागरीच्या मात्रांना तलवारीची पाती फुटलेली असतात, वेलांट्या ढालीसारख्या वळतात, शिरोरेषेवर घाव पडलेले असतात. हे 'शिवकालीन' अक्षर. त्या काळी देवनागरी नव्हती असे नाही. पोथ्या तिच्यात लिहिल्या जात, शिवरायांची मुद्राही देवनागरीतच आहे. पण राज्याचा रोजचा कारभार, पत्रे, हिशेब चालले ते मोडीत. हात न उचलता, बोरूने झरझर लिहिलेली ती लिपी. तिच्यात तलवारी नाहीत. कामाची निकड आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. पाती फुटलेल्या अक्षरासमोर आपला ऊर भरून येतो, आणि खरे अक्षर समोर आले तर आपण ते ओळखीतही नाही. सोंगाचा दोष एवढाच नाही की ते खोटे आहे. खऱ्याची गरज भागली असे वाटायला लावते, हा त्याचा मोठा दोष.

ज्यांच्या नावाने आपण ही झीज मिरवतो त्यांना स्वतःला झीज आवडत होती का? जुन्या छापखान्यांत तुटका खिळा ही लाज होती. प्रूफ तपासताना खराब खिळ्यावर खूण करून तो बदलून घेत. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्याची कीर्ती झाली ती देवनागरी अक्षराच्या सुबकपणामुळे. संस्कृत ग्रंथ निर्णयसागरी टाइपात असला की विद्वान निश्चिंत होत. टिळकांनी देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, या प्रश्नात स्वतः लक्ष घातले होते, कारण त्यांना छपाई वेगाने व्हायला हवी होती. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. ते लेख ज्या अक्षरांत छापले होते ती साधी, रोजची, वर्तमानपत्री अक्षरे होती. सरकारला त्यांत जुनेपणाचा गोडवा सापडला नाही. ही सगळी माणसे नव्याच्या मागे होती: अधिक स्वच्छ, अधिक वाचनीय, अधिक लोकांपर्यंत जाणारे. झीज ही त्यांच्यावर आलेली गोष्ट; सुबकपणा ही त्यांनी केलेली. आपण त्यांच्या करणीचा वारसा सोडून त्यांच्या सोसण्याचा देखावा उचलला आहे.

याचा अर्थ खरी झीज पुसून टाकावी, असा मुळीच नाही. आजीच्या तांब्याला आलेला पोचा ठोकून सरळ करू नये. जुन्या पुस्तकाचे पान डागाळले असेल तर ते तसेच जपावे. तो डाग त्या पानाने कमावलेला आहे. माझे म्हणणे एवढेच, की जखम जपावी, पण जखमेचा साचा करू नये. आणि जुना शब्द पुन्हा छापायची वेळ आली की त्याला नवा खिळा द्यावा.

यासाठी दुसऱ्या देशाकडे पाहण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर सुमारे तीनशे वर्षे ती हातोहात नकलली गेली. नकलताना चुका शिरल्या, शब्द बदलले. काळाने त्या ग्रंथाचीही झीज केलीच. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी काय केले? त्या अपपाठांना प्राचीनतेची शोभा मानून त्यांची पूजा मांडली नाही. अनेक प्रती मिळवून, ताडून पाहून, त्यांनी पाठ शुद्ध केला. ज्ञानदेवांवर ज्यांची एवढी भक्ती, त्यांनी त्यांच्या अक्षरावरची धूळ झटकली, कारण त्यांना ग्रंथ वाचायचा होता आणि वाचून दाखवायचा होता. भक्तीला शब्द हवा असतो. देखावा पुरतो तो हौसेला.

म्हणून झिजलेल्या अक्षरांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. नाटकाने ती वापरावी, जत्रेने वापरावी. उपाहारगृहानेही वापरावी, फक्त चहा चांगला द्यावा. पण ज्या वाक्याला अजून आपल्याकडून काही हवे आहे, ज्याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही, ते वाक्य स्वच्छ, कोऱ्या अक्षरात छापावे आणि खाली ज्याचे त्याचे साल घालावे. जुने दिसण्याची चिंता कोणी करू नये. आज छापलेले अक्षरही उद्या फिके पडेल, परवा त्याचा कागद पिवळा होईल. काळ ते काम न सांगता करतो. त्याला आपण मदत करण्याची गरज नाही.